आजारी वाफ्यातला खून

१

फोन वाजला तेव्हा आत्याबाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. पलीकडून भाची एवढंच म्हणाली, "आत्या, सतरा गेली गं," आणि पुढे नुसते हुंदके.

सतरा म्हणजे तुरीचा सतरा नंबरचा वाण. भाचीने नऊ वर्षं उन्हातान्हात उभं राहून तो घडवला होता. एका तुरीच्या फुलाला दुसरीचे पराग लावायचे, आलेल्या दाण्यातून हजारो रोपं वाढवायची, त्यातली मूठभर ठेवायची, बाकीची फेकायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. लग्नाची स्थळं आली नि गेली, पोरगी वाफ्यातून हलली नाही. शेवटी सतरा उभी राहिली. शेंगांनी वाकलेली, दाण्याने टपोरी, आणि मुख्य म्हणजे मर रोगाला अजिबात दाद न देणारी.

हा मर रोग म्हणजे तुरीचा काळ. बुरशी मातीतून मुळात शिरते, खोडातल्या पाण्याच्या वाटा बुजवते, आणि ऐन फुलोऱ्यात झाड उभ्या उभ्या वाळतं. म्हणून संशोधन केंद्रात एक आजारी वाफा होता. त्यातल्या मातीत ही बुरशी मुद्दाम पोसलेली. नवा वाण तिथे पेरायचा. तगला तर खरा, नाहीतर घरी. तो वाफा उभा केला होता तो आत्याबाईंनीच, नोकरीच्या उमेदीत. रोपांच्या रोगांच्या डॉक्टर होत्या त्या. निवृत्त झाल्या तरी खोड अजून जिरली नव्हती.

"समिती कधी येतेय?" त्यांनी विचारलं.

"आज दुपारी. आत्या, परवा संध्याकाळपर्यंत टवटवीत होती गं. काल सुट्टी. आज सकाळी बघते तर सगळ्या ओळीने माना टाकल्यात. मरला बळी पडली म्हणून समिती तिला बाद करणार. आणि माझं कंत्राट या महिन्यात संपतंय. सतरा नाही तर मीही नाही. मग तिच्याकडे बघणार कोण?"

"रडायचं ते नंतर रड. वाफ्यात कोणाला पाऊल टाकू देऊ नकोस. आलेच."

तेलाचे हात लुगड्याला पुसत त्या उठल्या. गुडघा कुरकुरला, त्याला त्यांनी दोन शब्द ऐकवले आणि स्कूटर काढली. खरं सांगायचं तर त्यांना भाचीची काळजी वाटत होती. पण त्या काळजीच्या शेजारीच कुठेतरी एक जुनी हुरहूर जागी झाली होती, आणि तिची त्यांना थोडी लाजही वाटली.

२

आजारी वाफ्याचे तीन पट्टे होते. प्रत्येक वाण प्रत्येक पट्ट्यात एकेक ओळ पेरलेला, पण जागा बदलून. ओळीच्या तोंडाशी लाकडी पाटी, पाटीवर वाणाचं नाव नाही, नुसतं सांकेतिक अक्षर. आपल्या लेकराचा पेपर आपणच तपासू नये म्हणून ही व्यवस्था.

पहिल्या पट्ट्यातली सतराची ओळ अख्खी मान टाकून उभी होती. पिवळ्या पाकळ्यांवर लाल रेघा असलेली तिची फुलं लोंबून चुरगळली होती. भाचीचे डोळे त्या फुलांपेक्षा लाल होते.

आत्याबाईंनी बांधावरून नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "हं."

"हं काय?"

"मर लागली तर आज एक फांदी वाळते, चार दिवसांनी दुसरी. एक झाड जातं, शेजारचं उभं राहतं. इथे तर सगळ्यांनी ठरवून एका दिवशी माना टाकल्यात."

त्यांनी पिशवीतून चाकू काढला, एका झाडाचं खोड उभं चिरलं आणि साल सोलली. भाची बघायला वाकली. मर असती तर सालीखाली काळपट रेघा दिसल्या असत्या. आत लाकूड पांढरंशुभ्र होतं.

"अगं, ही मर नाहीच," आत्याबाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच त्यांचा. "तुझी सतरा आजारी पडून नाही मेली."

मग त्यांनी बुंध्याला हात घातला. तुरीचं मूळ खोल जातं, दोन गडी लागले तरी झाड सहजी हलत नाही. आत्याबाईंनी एका हाताने ओढलं आणि झाड इतक्या सहज वर आलं की त्या मागच्या मागे भाचीच्या अंगावर आदळल्या. मुळाच्या जागी वीतभर बुडखा, आणि खाली काहीच नाही. कोणीतरी माती बाजूला करून मूळ कापलं होतं आणि माती पुन्हा थापटून बसवली होती. दुसरं झाड उपटलं, तिसरं उपटलं, सगळीकडे तेच.

"बघ. एक कड गुळगुळीत, दुसरी चेचलेली. फावड्याचा घाव असा नसतो. ही कात्री. झाडं छाटायची." आत्याबाईंनी बुडखे पिशवीत टाकले. "खून आहे हा."

"पण खोड चिरलं की लगेच कळणार हे. एवढं कसं नाही सुचलं त्याला?"

"समितीची माणसं खोड चिरतात? बांधावरून चालत जातात, उभं झाड जिवंत, माना टाकलेलं मेलेलं, असं मोजतात आणि चहाला जातात. मारणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. चल, दुसरा पट्टा दाखव."

दुसऱ्या पट्ट्यातही सतराचा असाच निकाल लागला होता. भाची तिथेच बांधावर बसली. "तिसऱ्याला मी जाणार नाही, आत्या. तीन वेळा नाही बघवणार मला."

"ऊठ," आत्याबाई म्हणाल्या. "रडूबाईला कोणी वाण देत नाही."

३

तिसरा पट्टा फाटकाजवळ होता. भाची आत्याचा दंड धरून आली, मान खाली. मग तिने मान वर केली आणि दंड इतक्या जोरात दाबला की आत्याबाई कळवळल्या.

फाटकाकडच्या टोकाला, खांबाखाली, एक ओळ हिरवीगार उभी होती. एक पान वाळलेलं नाही.

"सतरा आहे ती," भाची पुटपुटली. "आत्या, ती सतरा आहे."

"नक्की? हिला तर एक फूल नाही."

"नक्की म्हणजे काय. हिला मी झोपेत ओळखीन." भाचीने वर बोट दाखवलं. खांबावर दिवा होता. "यंदाच बसवलाय. तुरीला लांब रात्र मिळाली तर ती फुलते. हिच्या डोक्यावर रात्रभर उजेड, म्हणून ही फुलायची थांबलीय. दिवा हलवा म्हणून मुकादमांच्या मागे लागून दमले मी."

"मग इथली कुठली ओळ मेली?"

मेली होती ती पलीकडची. खांबापासून लांब, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला. पिवळ्या फुलांवर लाल रेघा, माना टाकलेल्या. भाचीने पाहिलं आणि तिच्या तोंडाचा आ झाला. "ही तर राणी."

राणी आत्याबाईंनाही ठाऊक होती. सगळ्यांनाच होती. केंद्राच्या साहेबांनी तरुणपणी काढलेला वाण, एके काळी शेताशेतात तीच दिसायची. आता मरने तिचा पार चुराडा केला होता, पण तुलनेसाठी तिची ओळ अजून लावत. पहिल्या दोन पट्ट्यांत ती फुलायच्या आधीच मरने गेली होती. इथे मात्र अर्धीअधिक तग धरून फुलली होती. आत्याबाईंनी एक झाड ओढलं. तेही सहज वर आलं. कापलेलंच होतं.

आत्याबाईंच्या अंगावर काटा आला. कोडं सुटायला लागलं की त्यांना असं व्हायचं, गुडघासुद्धा दुखायचा थांबायचा. त्यांनी राणीची एक फुललेली डहाळी मोडून पिशवीत ठेवली.

"इथली सतरा जिवंत आहे हे कोणाला बोलू नकोस. समिती येईपर्यंत तोंड असंच पाडून ठेव."

"आत्या, मला नाचावंसं वाटतंय."

"पोटात नाच. आणि सांग, तुझ्या वाईटावर कोण आहे?"

भाचीला तीनच माणसं सुचली. केंद्राचे साहेब, कारण सतरा मंजूर झाली की राणीचं बियाणं कायमचं बंद होणार होतं. शेजारच्या टेबलावरचा चष्मिस, कारण त्याचा नऊ नंबरचा वाण सतराच्या खालोखाल होता. आणि मुकादम, कारण गेल्याच आठवड्यात पाण्याच्या पाळीवरून तिने त्यांना मजुरांसमोर झापलं होतं. तिघेही केंद्राच्या आवारातच राहत. सुट्टीच्या दिवशी वाफ्यात जायला कोणाला परवानगी लागत नव्हती.

४

साहेब व्हरांड्यात बसले होते. कुंड्यांतले गुलाब नुकतेच छाटलेले, शेंडे नीट तिरपे कापलेले. चार महिन्यांनी निवृत्ती, त्यामुळे माणूस जरा हळवा झालेला.

"या बाई. ऐकलं मी. फार वाईट झालं."

"तुम्ही वाफ्यात जाऊन आलात का?"

"मी? बाई, माझं वाफ्यात जाणं सुटून किती वर्षं झाली. खुर्चीने खाल्लं मला. फायली, बैठका, पाहुणे." साहेब हसले. भिंतीवर राणीच्या सन्मानचिन्हांची रांग होती, खाली टपोऱ्या शेंगांचा मोठा फोटो. "पोरीच्या अहवालावर फोटो बघतो तेवढंच. मुखपृष्ठावर काय सुरेख फूल होतं सतराचं."

आत्याबाईंनी पिशवीत चष्मा शोधायच्या निमित्ताने आतलं सामान टेबलावर काढून ठेवलं. चाकू, रुमाल, डहाळी. साहेबांनी डहाळी बघितली आणि दोन बोटांनी बाजूला सारली.

"नको बाई, बघवत नाही. एवढ्याशा फुलापायी नऊ वर्षं घातली पोरीने. एक वर्ष थांबा म्हणत होतो मी तिला. घाई केली."

"थांबून काय झालं असतं?"

"मी गेलो असतो," साहेब म्हणाले. "मग तुमचं काय ते चालू द्या."

भाची दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. आत्याबाईंनी सामान पिशवीत भरलं आणि चहा नको म्हटलं. त्यांनी चहाला नाही म्हटल्याचं भाचीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

चष्मिस प्रयोगशाळेत दाणे मोजत होता. आत्याबाईंना बघून तो उठला, त्यात दाणे सांडले. "मॅडम, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. यंदाची संकेताक्षरं मीच ठरवलीत. कुठल्या पाटीखाली कोण, हे फक्त मला माहीत आहे. म्हणजे संशय माझ्यावरच येणार. रात्रभर झोप नाही लागणार मला."

"रात्र व्हायला वेळ आहे अजून. हे ओळख." त्यांनी डहाळी पुढे केली.

चष्मिसने चष्मा वर सारून फूल डोळ्यांजवळ नेलं. "राणी. सतराची रेघ गडद असते."

मुकादम अवजारांच्या खोलीबाहेर विळ्यांना धार लावत होते. भाचीला बघून त्यांनी तोंड फिरवलं. "माझ्याकडे कसली चौकशी? बाईसाहेबांना माझं काम पटत नाही, मग माझं बोलणं कसं पटेल?"

"मुकादम, माझ्यासाठी," आत्याबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे झाडं छाटायची कात्री किती?"

"एकसुद्धा नाही. आम्हाला विळा आणि कुदळ. कात्र्या बागवाल्यांच्या." त्यांनी डहाळीकडे ओझरतं पाहिलं. "राणी कशाला मोडलीत? ती बिचारी तशीही मरणार आहे. आणि बाईसाहेबांना सांगा, दिव्याचं मी वीजवाल्याला सांगितलंय. ती खांबाखालची पोर फुलत नाही म्हणून मलाही चैन नाही. पेरली कोणी? मीच ना?"

बाहेर येऊन भाची म्हणाली, "काय कळलं तुला?"

"सगळं," आत्याबाई म्हणाल्या. "आता चहा पाज."

५

दुपारी समिती आली. तीन माणसं, पुढे अध्यक्ष, मागे साहेब, त्यांच्या मागे केंद्रातले सगळे. ठरल्याप्रमाणे बांधावरून मोजणी झाली. पहिला पट्टा, दुसरा, तिसरा. आत्याबाईंनी भाचीचा एक हात आपल्या मुठीत धरून ठेवला होता.

मग चष्मिसने पाकीट फोडलं आणि कुठल्या अक्षराखाली कोणता वाण ते वाचायला लागला. पहिल्या पट्ट्यात सतरा, सगळी मेलेली. दुसऱ्यात सतरा, सगळी मेलेली. अध्यक्षांनी मान हलवली. साहेबांनी भाचीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिसऱ्या पट्ट्यात सतरा," चष्मिसने पुढे वाचलं, "खांबाखालची ओळ. एकही झाड मेलेलं नाही."

"चुकलं तुझं," साहेब म्हणाले. "खांबाखालची कशी असेल? सतरा ती, पलीकडची. ती बघ, लाल रेघांच्या फुलांची."

"नाही साहेब. ती राणी."

साहेबांचा हात भाचीच्या खांद्यावरून खाली आला. आत्याबाई एवढ्यासाठीच थांबल्या होत्या.

"अध्यक्षसाहेब, दोन मिनिटं बांध सोडून खाली या," त्या म्हणाल्या. आणि समिती चक्क बुटांसकट वाफ्यात उतरली. आत्याबाईंनी मेलेल्या सतराचं खोड चिरून पांढरं लाकूड दाखवलं, शेजारच्या खरोखर मरने गेलेल्या झाडाचं काळवंडलेलं लाकूड दाखवलं, कापलेले बुडखे हातात दिले. "सतरा मरने मेली नाही. तिला कात्रीने मारली. आणि मारणाऱ्याने तिसऱ्या पट्ट्यात चूक केली. तिथे सतरा सोडून राणी कापली. आता अशी चूक कोण करेल?

"हा चष्मिस करणार नाही. त्याला अक्षरं ठाऊक, डोळे मिटून बरोबर ओळ गाठली असती. मुद्दाम चुकला म्हणाल, तर सतरा जिवंत ठेवून त्याला काय मिळालं? मुकादम करणार नाहीत. खांबाखालची ओळ का फुलत नाही हे त्यांना पाठ आहे, आणि राणी ते चालता चालता ओळखतात. मारणाऱ्याला जागा माहीत नव्हती, अक्षर माहीत नव्हतं. त्याला एकच खूण माहीत होती, लाल रेघांची फुलं. पहिल्या दोन पट्ट्यांत ती एकाच ओळीला होती. तिसऱ्यात सतरा फुललीच नव्हती, फुलली होती राणी. दिवसाउजेडी आलेल्या माणसाला वरचा दिवा कशाला दिसेल? सतराला ज्याने फक्त फोटोत पाहिलंय, असा माणूस तो. घरात कात्री असलेला. सकाळी मी राणीची डहाळी समोर ठेवली, तर सतरा समजून 'बघवत नाही' म्हणणारा."

"पण बाई," अध्यक्ष चाचरत म्हणाले, "राणी यांचीच. आपल्या हाताने आपलाच वाण कोण मारेल?"

"मारला नसता. ओळखला असता तर."

साहेब वाफ्यात उतरले, चांगले इस्त्रीचे कपडे घालून, आणि राणीच्या मेलेल्या ओळीसमोर मातीत बसले. एक फूल त्यांनी तळहातावर घेतलं.

"एकच वर्ष हवं होतं मला," ते म्हणाले. "राणी चालू असताना खुर्चीवरून उठायचं होतं. पुढच्या वर्षी सतरा आली असती तरी चाललं असतं."

"पुढच्या वर्षी हिला पेरायला ही पोरगी इथे नसती," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं."

साहेबांनी मान डोलावली. नाही म्हणाले नाहीत, एवढं तरी केलं.

६

अध्यक्षांनी खांबाखालच्या ओळीत स्वतः खोडं चिरली. एक, दोन, मग भान विसरून पाचसहा. सगळी आतून पांढरी. म्हातारा माणूस, पण हातातला चाकू खाली ठेवेना. सतरा मंजूर झाली, आणि पुढचं बियाणं वाढवायला भाची इथेच राहणार, हेही त्याच बांधावर ठरलं. मुकादमांनी टाळी वाजवली आणि मग कोणी बघितलं का ते बघितलं. चष्मिस रडायला लागला, कशाला ते त्यालाच माहीत.

भाचीने आत्याला मिठी मारली. आत्याबाई म्हणाल्या, "गुडघा, गुडघा," पण सोडलं नाही.

सगळे चहाला गेले तरी साहेब तिथेच बसलेले होते. आत्याबाईंना वाटलं, भाची आता यांना चांगली फैलावर घेणार, आणि घ्यावंच. त्या थोड्या मागे थांबल्या.

भाची साहेबांसमोर उकिडवी बसली.

"फुलं इतकी सारखी असतील असं वाटलं नव्हतं," साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले.

"सारखी असणारच, साहेब. सतराची आई राणीच आहे. रानातली एक चिवट तूर आणली आणि तिचे पराग मी राणीच्या फुलाला लावले. ती रेघ तुमच्याच राणीची. दाण्याचा टपोरेपणाही तिचाच."

साहेबांनी वर पाहिलं. आत्याबाईंनीही पाहिलं, कारण हे त्यांनाही माहीत नव्हतं. इतका वेळ शहाणपणा मिरवला, पण दोन फुलं इतकी सारखी का, हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारलाच नव्हता.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"दर वर्षी वाटायचं, तुम्ही वाफ्यात याल," भाची म्हणाली. "आलात की दाखवीन, म्हणून थांबले होते."